वरच्या फांदीवरचा नर

जावयाच्या स्ट्रॉबेरीच्या रानातून दुसऱ्याच दिवशी माझी हकालपट्टी झाली. जावई अदबीचे. ते फक्त एवढंच म्हणाले, "मामा, ऊन झालंय, तुमी जरा सावलीला बसा." तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात धुकं अजून बांधावरून उठलं नव्हतं. मी तोडलेल्या फळांची पाटी त्यांनी माझ्याकडं पाठ करून माझ्या मुलीला दाखवली. पाटीतली निम्मी फळं कच्ची होती आणि मी तोडत आलेल्या वाफ्यात पिकलेली फळं तशीच लोंबत होती. मुलीनं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आईला हाक मारली, "आई, नानांचा चष्मा बदलायला पायजे."

"बदलू की," बायको म्हणाली आणि डब्या भरत राहिली.

तिला खरं काय ते माहीत होतं. चष्म्याचा काही दोष नव्हता. मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही.

आता हे मी बिनदिक्कत लिहितोय, पण त्या हिवाळ्यापर्यंत ही गोष्ट आम्हा नवराबायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. लपवायचं कारण असं की आमचं घर फौजींचं. आजोबा लष्करात, वडील लष्करात हवालदार, थोरला भाऊ सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि साताऱ्याला घर बांधून राहिला. आष्ट्यात आमच्या गल्लीत पोरगा अठराचा झाला की त्याला कुणी "पुढं काय करणार" असं विचारत नसे, "भरती कवा हाय" असंच विचारत. माझीही भरती आली. मी पळालो, पहिल्या दहांत आलो. छाती फुगवली, भरली. मग एका तंबूत डॉक्टरसाहेबांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचा आकडा मी झटकन सांगितला. दुसऱ्या पानावर नुसते ठिपके होते. साहेबांनी विचारलं, "कितना है?" मला वाटलं, ठिपके किती आहेत ते विचारतायत. मी मोजायला लागलो. तेवीसपर्यंत पोचल्यावर साहेबांनी पुस्तक मिटलं.

घरी काय सांगायचं? रंग दिसत नाहीत म्हणालो असतो तर वडिलांचा विश्वास बसला नसता, आणि बसला असता तर माझं लग्न जमलं नसतं. मी सांगितलं, गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून काढलं. ही चूक फार महागात पडली. वडिलांनी त्यावर इलाज काढला. रोज पहाटे दोन गुडघ्यांच्या मधे कापसाची उशी बांधून मी तळ्यापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. सहा महिने. बाया पाणी भरताना थांबून बघायच्या. माझे गुडघे मुळात सरळच होते. उशीनं ते थोडे बाहेरच्या बाजूला वाकले आणि पुढच्या भरतीला मी खरोखरच पायांमुळं बाद झालो.

मग शाळेत कारकून झालो. तिथं रंगांशी फारसा संबंध यायचा नाही. एकदाच क्रीडादिनाला मला गुणलेखक केलं आणि मी लाल संघाची खो-खोची ढाल हिरव्या संघाला दिली. जिंकलेली पोरं रडली, हरलेली पोरं नाचली, आणि मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हणालो, जरा ताण आहे. बायकोला मात्र लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. तिच्या हातातला नव्या नवरीचा हिरवा चुडा बघून मी म्हणालो होतो, "तांबड्या बांगड्या तुला लय शोभतात." ती आधी पोट धरून हसली. मग पेटीतून होत्या नव्हत्या तेवढ्या बांगड्या काढून चादरीवर मांडल्या आणि अर्धा तास माझी परीक्षा घेतली. त्या डॉक्टरांपेक्षा तिच्यात सबुरी जास्त. शेवटी बांगड्या आवरत म्हणाली, "आवं, जाऊ द्या. कापड घ्यायला मी येत जाईन." विषय संपला. पुन्हा तिनं तो कधी काढला नाही, भांडणातसुद्धा नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तर निवृत्तीनंतर थंडीचे चार महिने आम्ही मुलीकडं यायला लागलो. लेकीच्या घरी चार महिने राहायचं आणि कच्ची फळं तोडायची, म्हणजे फुकट गिळण्यापेक्षाही वाईट. मी काहीतरी उपयोगी काम शोधत होतो. जावयांनी घरामागं दोन खोल्या बांधून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. त्यांत दुर्बिणी घेऊन येणारी माणसं असायची. ही माणसं चहा प्यायच्या आधी पक्षी बघतात आणि चहा पिताना कालच्या पक्ष्यांबद्दल बोलतात. त्यांना जंगलातली पायवाट दाखवायला जावई जायचे. एका सकाळी जावयांना माल घेऊन वाईला जायचं होतं आणि पाहुणे पायात बूट घालून तयार होते. मी म्हणालो, "वाट मला ठावी हाय. मी जातो."

"मामा, वाट दावली की झालं," जावई म्हणाले. "दुसरं काय बोलू नगा."

पाहुण्यांमध्ये पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या, सत्तरीच्या, चालायला माझ्यापेक्षा चपळ. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांना हरोळी बघायची होती. हरोळी म्हणजे हिरवं कबूतर. सपाटीवरची पिवळ्या पायांची हरोळी आमच्याकडंही उंबरावर येते, पण मॅडमना हवी होती ती डोंगरातली, दाट ओल्या जंगलातली. तिचं कपाळ राखी, अंग पोपटी, पंखांवर पिवळे पट्टे, आणि नराची पाठ किरमिजी. मादी सगळी हिरवी. पाठीचा हा रंग हाच नरमादीतला फरक, असं मॅडमनी वाटेत समजावून सांगितलं. मी जाणत्यासारखी मान हलवली.

ओढ्याच्या वळणावर एक जुनं नांद्रुकाचं झाड आहे, वडाच्या जातीचं. फळं लगडली होती. पाहुणे दुर्बिणी लावून पंधरा मिनिटं उभे राहिले. हरोळी लबाड असते. माणूस दिसला की जागच्या जागी थिजते आणि पान होऊन बसते. पाहुणे म्हणाले, झाड रिकामं आहे, पुढं जाऊ.

मला ते झाड रिकामं दिसत नव्हतं. मला सात पक्षी दिसत होते. एक तर फळासाठी डोकं खाली करून लटकला होता आणि तसाच थिजला होता.

"रिकामं कुठलं?" मी म्हणालो. "हितं दोन हायती. त्या फांदीच्या दुबेळक्यात एक. वर तीन. आन् ते उलटं टांगलेलं सातवं."

कुणालाच काही दिसेना. दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं. म्हातारा पाहुण्यांची करमणूक करतोय, असं त्यांना वाटलं असणार. एवढ्यात पलीकडच्या झाडावरून माकडानं उडी मारली आणि नांद्रुकातून फडफड करत पक्षी सुटले. सात नव्हते, अकरा निघाले. पण सात सांगणारा तिथं मी एकटाच होतो.

"काका!" मॅडम म्हणाल्या, "काय नजर आहे हो तुमची!"

साठ वर्षांत माझ्या नजरेला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी खाली बघून चपलेतला खडा काढल्यासारखं केलं. खडा नव्हता.

तिथून माझं डोकं फिरलं. आठवड्याभरात पाहुणे जावयांना फोन करून विचारायला लागले, तुमचे मामा आहेत का? मी गळ्यात जुना मफलर गुंडाळायला लागलो. दुर्बीण दिली तर घ्यायचो नाही, म्हणायचो, "मला नको, सवय हाय." चालताना मधेच हात वर करून सगळ्यांना थांबवायचो, कधीकधी नुसतंच थांबवायचो. बायको दारातून बघत असायची. एकदा म्हणाली, "आवं, त्या मफलराला वास मारतोय, धुवाय टाका." मी म्हणालो, जंगलात साबणाचा वास चालत नाही. हे मी कुठून काढलं, मला आजही माहीत नाही.

अडचण एकच होती. पक्षी सापडला की पाहुणे विचारायचे, नर आहे का मादी? मला सगळ्या हरोळ्या एकाच रंगाच्या दिसायच्या. सुरुवातीला मी अंदाजानं सांगायचो. निम्म्या वेळा बरोबर यायचं, आणि चुकलं तर पक्षी उडालेला असायचा. पण मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी वही काढून विचारलं, "काका, तुम्ही इतक्या लांबून, दुर्बिणीशिवाय नर कसा ओळखता?"

रंग दिसत नाही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "त्यात काय? नर कायम वरच्या फांदीवर बसतो. मादी खाली."

"असं?" मॅडमनी मान वर केली. "नेहमी?"

"कायम. आमच्याकडं जुन्या माणसांना हे ठावं असतंय."

मॅडमनी लिहून घेतलं. मी त्या वहीकडं बघत राहिलो. मग मफलर नीट केला.

पंधरा दिवसांनी थोरल्या भावाचा साताऱ्याहून फोन आला. त्याच्या एका फौजी मित्राच्या मुलानं मोबाईलवर माझा फोटो दाखवला होता. झाडाखाली मी बोट दाखवत उभा, आणि खाली मजकूर, स्थानिक जाणकारांच्या मते नर वरच्या फांदीवर बसतो. दादा आयुष्यात माझ्यावर खूश झाल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी त्याचा आवाज वेगळाच होता. "रविवारी येतो," म्हणाला. "दोन दोस्त बी हायत. तयार राहा."

रविवारी सकाळी दादा आला. पांढऱ्या मिशा, घडी न मोडलेली पँट, बरोबर त्याच्याच पलटणीतले दोन निवृत्त जवान. मॅडमही त्या दिवशी मुक्कामाला होत्या. आम्ही सहाजण निघालो, कारण सहावी बायको. ती कधी यायची नाही, त्या दिवशी आली. जावयांनी विचारलं तर म्हणाली, "भावजी आल्यात. मी आले तर बिघडतंय व्हय?"

वाटभर दादा दोस्तांना माझ्याबद्दल सांगत होता. "नजर अशी हाय याची! गुडघ्यांनी घात केला, न्हाईतर गड्या, हा नेमबाजीत पुढं गेला असता." दोस्त माझ्या गुडघ्यांकडं बघत होते. मी शक्य तितका सरळ चालत होतो.

नांद्रुकाखाली पोचलो. मला लगेच चार दिसले. मी जागा सांगितल्या आणि फौजी माणसं शिस्तीची, त्यांनी सांगितल्याप्रमाणं दुर्बिणी फिरवून एकेक पक्षी पकडला. दादानं तर चौथा शोधल्यावर "शाब्बास!" म्हटलं, ते पक्ष्याला का मला हे कळलं नाही, पण मी ते मलाच धरलं.

"आता सांग," दादा म्हणाला. "यातला नर कोणता?"

दोन वर होते, दोन खाली. मी सवयीनं बोट वर केलं. "वरचे दोन नर. खालच्या माद्या."

दादानं दुर्बीण खाली केली नाही. जरा वेळानं म्हणाला, "वरच्याची पाठ हिरवी हाय."

"सावलीमुळं तसं वाटतंय."

"खालच्याची पाठ तांबडी हाय. चक्क तांबडी. बाई, नराची पाठ तांबडी असती म्हणालात न्हवं तुमी?"

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनीही दुर्बीण लावली. "खालचे दोन्ही नर आहेत. वरच्या दोन्ही माद्या." मग त्या माझ्याकडं वळल्या आणि अगदी मऊ आवाजात, विद्यार्थ्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "काका, त्या खालच्याच्या पाठीचा रंग तुम्हाला कोणता दिसतो?"

मी बायकोकडं बघितलं. ती पदरानं मान पुसत झाडाकडं बघत होती. मदत यायची शक्यता नव्हती.

"मॅडम," मी म्हणालो, "ती वरच्या फांदीची गोष्ट तुमी वहीतनं खोडा. ती मी आपल्या मनानं सांगितली. मला तांबडं-हिरवं कळत न्हाई. कवाच कळलं न्हाई."

दादाच्या दोस्तांपैकी एकानं घसा साफ केला. दादानं दुर्बीण हळूच पिशवीत घातली आणि चेन लावली.

"म्हंजे भरतीत..." तो म्हणाला.

"रंगामुळंच काढलं. गुडघ्यामुळं न्हाई."

दादाचा चेहरा लाल झाला असेल, मला ते समजायला मार्ग नव्हता. पण मिशी थरथरली ते दिसलं. मला वाटलं, आता घराण्याची अब्रू, वडिलांची फसवणूक, चाळीस वर्षांचं खोटं, असं काहीतरी निघणार. मी मान खाली घालून तयार उभा राहिलो.

"अरं, ती उशी माझी होती!" दादा ओरडला.

नांद्रुकातले पक्षी भरकन उडाले.

"दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो होतो मी! आबांनी माझ्या डोक्याखालची उशी काढून तुझ्या पायात बांधली. दोन महिनं मी हातावर डोकं ठेवून झोपलो. मान आखडली. पलटणीत परत गेलो तर कवायतीत मान वळंना, तर साहेबांनी शिक्षा दिली मला! आन् कशापायी? तर ह्याला गुलाबाचं फूल आन् त्याचं पान सारखं दिसतंय म्हणून!"

आधी त्याचे दोस्त हसले. मग मॅडम. बायको तर एका दगडावर टेकलीच. दादा कितीतरी वेळ रागावायचा प्रयत्न करत होता, पण तीन-चार वेळा "उशी, उशी" म्हटल्यावर त्यालाही हसू आवरेना. परतीच्या वाटेवर मात्र तो माझ्या शेजारून चालत होता आणि हसत नव्हता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आबास्नी तरी सांगायचंस."

"भ्यालो रं दादा."

"व्हय," तो म्हणाला. "मी बी भ्यायचो त्यास्नी." एवढंच. सुभेदार माणूस कशाला तरी भ्यायचा, हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुढं गाडीत बसताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

खरी पंचाईत मॅडमची झाली. माझा शोध त्यांनी वहीतच ठेवला नव्हता, पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आता त्यांनी तो मागं घेतला. चूक माझी आहे, नीट पडताळून न बघता लिहिलं, असं स्वतःच्या नावावर घेऊन त्यांनी लिहिलं. माझं नाव घेतलं नाही. मला ते वाचून जास्त लाज वाटली. गंमत अशी की तोपर्यंत चारपाच जणांनी आपापल्या भागातून कळवलं होतं, की आम्हीही निरीक्षण केलं, नर वरच बसतात. एका सद्गृहस्थांनी तर मॅडमशी तीन दिवस वाद घातला. ते आजही मानायला तयार नाहीत, आणि मी त्यांना भेटलो तर मला आणखी काही सुचेल या भीतीनं मॅडमनी आमची गाठ पडू दिलेली नाही.

मॅडम माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उलट दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "काका, रंग दिसत नाही म्हणूनच कदाचित तुम्हाला त्या दिसत असतील. आम्ही हिरव्यात हिरवं शोधतो आणि फसतो. तुम्ही आकार बघता, कड बघता." मला यातलं फार कळलं नाही. मी विचार करून बघितला. झाडाकडं बघताना मी पानं कशी लवतात ते बघतो. पान देठापासून हलतं. पक्षी मधूनच हलतो. एवढंच आहे. त्याला नजर म्हणायचं का, माहीत नाही.

"आपण नीट मोजूया," त्या म्हणाल्या. "तुम्ही पक्षी शोधा. रंग दुसरं कुणीतरी सांगेल."

"मी सांगीन की," बायको चुलीजवळून म्हणाली. आम्ही दोघंही वळून बघायला लागलो. "त्यात काय? लग्न झाल्यापासनं तेच तर करतीय."

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. पाहुण्यांपुढं मी जागा सांगतो, ती रंग सांगते. मफलर तिनं धुतला, तो आटला, आता जावयांच्या कुत्र्याखाली असतो. माझा भाव पुष्कळ उतरला. पहिल्यांदा येणारे पाहुणे माझ्याकडं बघतात, पण अर्ध्या तासानं प्रश्न तिलाच विचारतात. किरमिजी म्हणजे नेमकं कसं, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "कोकमाचं आगळ पाण्यात टाकल्यावर पहिल्यांदा जसं दिसतंय तसं. ढवळायच्या आधी." मला कोकमाचं पाणी मातकट दिसतं, पण ती चव जिभेवर आली आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं. दादा आता दर रविवारी फोन करतो. मी किती हरोळ्या दिसल्या ते सांगतो, तो विचारतो, "वर किती, खाली किती?" आणि फोनवर एकटाच खो खो हसतो.

गेल्या मार्चमध्ये नांद्रुकाची फळं संपली आणि हरोळ्या पलीकडच्या दरीत गेल्या. पाहुणे येऊन तसेच परत जायला लागले. मी रोज सकाळी दोन तास मान वर करून फिरायचो आणि रिकाम्या हातानं परतायचो. दहाव्या का बाराव्या दिवशी वैतागून घराच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, "संपलं बघ. एक बी उरली न्हाई. माझ्या नजरेतनं सुटणार न्हाई."

बायको स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातलं गवत काढत होती. ती तशीच बसून म्हणाली, "न्हाणीमागच्या जांभळीवर हाय की घरटं."

"कुणाचं?"

"हरोळीचं. चार काड्या टाकल्यात नुसत्या. खालनं दोन अंडी दिसत्यात, पांढरी. सकाळी आन् रात्री आई बसती. दुपारी जेवणाच्या टायमाला बाप येतो बसाय. तवा ती खायाला जाती."

मी उठून उभा राहिलो. न्हाणी घरापासून वीस पावलांवर. मी रोज दोनदा त्या जांभळीखालून जात होतो. "कवापासनं?"

"झालं पंधरा-एक दिस."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

तिनं गवताची मूठ बाजूला टाकली. "तुमास्नी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी झाडाखाली वीस माणसं आन् वीस दुर्बिणी. ती बसली असती का मग?"

चप्पल काढून, आवाज न करता मी न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. दुपारचे बारा वाजत आले होते. काड्यांच्या त्या विरळ मांडणीवर एक हरोळी बसली होती आणि माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती. मी हात मागं बांधून जरा वेळ बघितलं. नर होता असं बायको म्हणते.